मदत हवी आहे: एज्युकॉम्प बुडाली कशी? त्यातला 'एज्युस्मार्ट'चा भाग कोणी सोपा करून सांगेल का?

नमस्कार मंडळी,

एमबीएला केस स्टडी सादर करायचीये, विषय हौसेने एज्युकॉम्प घेतलाय आणि आता घोडं अडलंय.

वरवरची गोष्ट कळलीये. 1994 ला शंतनू प्रकाश यांनी कंपनी काढली, पुढे स्मार्टक्लास आलं, म्हणजे वर्गात प्रोजेक्टर, बोर्ड, आणि बाईंनी क्लिक केलं की हृदयाचे कप्पे उघडून रक्त कसं फिरतं ते अख्ख्या वर्गाला दिसणार. शाळेने एकरकमी काही भरायचं नाही, सामान कंपनी बसवणार आणि शाळा पाचेक वर्षं हप्त्याहप्त्याने पैसे देणार, वसूल अर्थात पालकांच्या फीमधून. जानेवारी 2006 मध्ये आयपीओ, मग काही वर्षं शेअर बाजाराची लाडकी. 2013 ला कर्जाची पुनर्रचना आणि 2017 ला दिवाळखोरीसाठी एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या लवादात.

मी लिहिलं होतं की टॅब आणि मोबाईल आले म्हणून बुडाली, तर सर म्हणाले हे कोणीही सांगेल, ताळेबंद उघड. उघडला तर नफा दिसतोय, येणी फुगतायत, हातात पैसा मात्र नाही, आणि मध्येच ही एज्युस्मार्ट सर्व्हिसेस उपटते, शाळांशी करार हिचे, सामान मात्र हिला एज्युकॉम्पच विकते. ही मधली कंपनी कशाला? आणि कर्ज तिने काढलं तर एज्युकॉम्प का अडकली? कॉमर्सवाल्यांनो प्लीज, माझं बीएस्सी आहे.

प्रतिसाद 1

बीएस्सीवाल्याला जमेल असं सांगतो, आकडे काल्पनिक आहेत. एका शाळेचा करार 20 लाखांचा, दर तिमाहीला 1 लाख. पण प्रोजेक्टर, कॉम्प्युटर, वायरिंग सगळं पहिल्याच महिन्यात घ्यावं लागतं, म्हणजे जितक्या शाळा जास्त तितकी खिशाला चाट मोठी. धंदा वाढतोय म्हणूनच पैसा कमी पडतोय! मग एज्युस्मार्ट मध्ये घातली. ती शाळांकडून येणारे हप्ते दाखवून बँकेकडून कर्ज उचलणार आणि त्यातून एज्युकॉम्पला सामानाचे, कंटेंटचे पैसे देणार. एज्युकॉम्पच्या वहीत विक्री लगेच दिसते, कर्ज दुसरीच्या वहीत. छान ना? फक्त त्या कर्जाला हमी एज्युकॉम्पची. शाळांनी हप्ते थकवले की तिकडचं दुखणं थेट इकडे. ताळेबंदाच्या शेवटी बारीक अक्षरात टिपा असतात त्यात 'कंटिंजंट लायबिलिटी' (आज नाही, पण हमी वगैरेमुळे पुढे अंगावर येऊ शकणारी देणी) बघा, खरी कथा तिथे सापडेल.

धागाकर्ता

आत्ता पेटली ट्यूब! पण शाळांनी थकवले का? आणि एज्युकॉम्पवाले इतर कंपन्या विकत घेत सुटले होते ते बुडण्याचं कारण धरू की बाजूची गोष्ट?

प्रतिसाद 2

प्रोजेक्टर, कॉम्प्युटर स्वस्त होत गेले आणि तशीच सेवा देणारे बरेच जण आले, त्यामुळे जुन्या दराने बांधलेल्या शाळेला तिसऱ्या-चौथ्या वर्षी तोच हप्ता जड वाटणारच. वर मशीन बिघडलं, दुरुस्तीला माणूस आला नाही, की अकाउंटंट चेक अडकवून ठेवतो, हे कुठल्याही व्हेंडरच्या बाबतीत होतं.

खरेदीचं म्हणाल तर कारणातच धरा. युरोकिड्स या बालवाड्यांच्या साखळीत हिस्सा, अमेरिकेतली लर्निंग डॉट कॉम, विद्यामंदिर क्लासेस हे कोचिंग, शिवाय स्वतःच्या शाळांसाठी जमिनी आणि इमारती. शाळेच्या इमारतीत घातलेला पैसा सुटायला वर्षानुवर्षं लागतात आणि बँकेचा हप्ता दर महिन्याला. माझ्या मते तुमच्या सादरीकरणाचा मुख्य मुद्दा हाच, पैसा लांबचा आणि देणी जवळची. टॅब-मोबाईलला एक स्लाईड पुरे.

आणि हो, 2020 ला सीबीआयने बँकांच्या तक्रारीवरून एज्युकॉम्पवर फसवणुकीचा गुन्हा नोंदवलाय. तो घेतलात तर 'आरोप' असंच लिहा, नाहीतर प्रश्नोत्तरात सर तिथेच पकडतील.