मदत हवी आहे : धुळ्यातल्या गल्ल्यांची जुनी नावं

नमस्कार मंडळी. माझं आजोळ जुन्या धुळ्यातलं, धाब्याचं घर. उन्हाळ्यात संध्याकाळी गच्चीच्या मातीवर पाणी मारून गोधड्या पडायच्या, आणि खालून कुणीतरी हमखास विचारायचं, "कथा जाई ऱ्हायना रे भो?" (अहिराणीत, कुठे चाललास रे भाऊ?) उत्तरात गल्लीचा नंबर. बाकी गावांत गल्लीला देवाचं, जातीचं नाहीतर धंद्याचं नाव. आमच्याकडे सरळ आकडे!

1818 नंतर कॅप्टन ब्रिग्जने धुळं खानदेशचं मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी वस्ती आखली, हे माहीत आहे. पण गल्ल्यांना नंबर तेव्हाच पडले, की 1862 च्या नगरपालिकेनंतर? आणि खोल गल्ली 'खोल' कशामुळे? मामा म्हणायचा, पांझरा नदीचं पाणी शिरायचं म्हणून. मामाच्या गोष्टी जरा मीठमसाला लावूनच असतात, तेव्हा दुसरा दुजोरा हवा.

कुणाच्या घरी जुनं खरेदीखत, घरपट्टीची पावती किंवा सिटी सर्व्हेचा उतारा असेल तर पत्त्यात गल्ली कशी लिहिलीय तेवढं बघाल का? साल नक्की सांगा. मालकाचं नाव झाकून फोटो टाकलात तरी चालेल.