अनुभव धागा: तुमचा क्लाउनफिश अ‍ॅनिमोनमध्ये कसा गेला?

खारंपाणी: अ‍ॅनिमोन (ज्याच्या डंख मारणाऱ्या झुपक्यात क्लाउनफिश घर करतात तो समुद्री जीव) टँकमध्ये आणून बसवला तरी क्लाउन त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत, अशी रड बऱ्याच जणांची आहे. कशाने फरक पडला ते लिहा. माशाची आणि अ‍ॅनिमोनची जात सांगायला विसरू नका. माझ्याकडे ऑसेलारिस जातीच्या क्लाउनची जोडी आणि बबल टिप जातीचा अ‍ॅनिमोन. दोघं हिटरला चिकटून झोपतात!

ठाणेकर_काका: ताई, त्यात माशांचा काय दोष? समुद्रात ऑसेलारिस राहतो मॅग्निफिका, जायगँटिया किंवा मर्टेन्सी या अ‍ॅनिमोनमध्ये. बबल टिप हे मरून क्लाउनचं घर. टँकमध्ये ऑसेलारिसही जातो त्यात, पण त्याच्या मनात आलं तर. माझी मरून मादी मी पिशवी बाजूला ठेवेपर्यंत आत शिरली होती. आता दुसऱ्या कुठल्या क्लाउनला टँकमध्ये टिकू देत नाही, तो भाग वेगळा.

शनिवारपेठ: काचेला अ‍ॅनिमोनमधल्या क्लाउनचे फोटो लावा, मोबाईलवर व्हिडिओ दाखवा, सगळं करून झालं. मासे मोबाईलशी भांडायला आले, बाकी काही नाही. शेवटी जोडी ज्या कोपऱ्यात झोपायची, तिथेच अ‍ॅनिमोनचा दगड सरकवला आणि पाण्याचा झोत कमी केला. दिवे मंद झाल्यावर बघत बसलो. मोठी, म्हणजे मादी, आधी नुसती शेपटी घासून दचकून मागे आली. परत गेली, या वेळी पोट टेकवलं. मग अंग घुसळत घुसळत पार आत. नर मात्र बाहेरच घिरट्या घालत राहिला, तो बऱ्याच उशिराने गेला. फोटोमुळे झालं असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास नाही, जागेमुळे झालं.

गोदाकाठ: पॉवरहेडला (टँकमधला झोताचा पंप) स्पंज किंवा जाळी लावलीय ना? अ‍ॅनिमोन जागा पसंत पडली नाही की चालायला लागतो. पंपात ओढला गेला की चिंधड्या होतात आणि पाणी नासून बाकीचे मासेही जातात. नव्या टँकमध्ये तर आणूच नका, टँक आधी मुरू द्या.

कांदळवन_प्रेमी: थोडं वेगळं मत. टँकमध्ये जन्मलेल्या क्लाउनला अ‍ॅनिमोन लागतोच असं नाही. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही क्लाउनची पैदास होते, अशा पिल्लांनी अ‍ॅनिमोन कधी पाहिलेलाच नसतो. माझे क्लाउन हॅमर कोरल नावाच्या प्रवाळात लोळतात, खातात-पितात मजेत. अ‍ॅनिमोन घ्यायचाच तर समुद्रातून उपटलेला नको. बबल टिप टँकमध्येच दुभंगून वाढतो, कुणाकडचा तसा तुकडा मिळतोय का बघा.

जर्सीकर: आमच्याकडे क्लार्की जातीचा क्लाउन. हा कुठल्याही यजमान अ‍ॅनिमोनमध्ये राहतो, त्यामुळे तो प्रश्नच आला नाही. कोळंबीचा तुकडा टाकला की स्वतः उचलून अ‍ॅनिमोनच्या तोंडाशी नेऊन ठेवतो. पण काच पुसायला हात घातला की कडकडून चावतो. लांब दांड्याचा मॅग्नेट कुणी वापरलाय का?