मदत हवी आहे: जुन्या सोन्याच्या खाणी बघायच्यात, पण खाणकामगारांची गोष्ट कुठे कळेल?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी एका जुन्या सोन्याच्या खाणीवर उभारलेलं पर्यटनस्थळ बघितलं. नाव मुद्दाम लिहीत नाही. ताटलीत वाळू घोळवून सोन्याचे कण शोधले, मुलं खूश झाली. पण दीड तासाच्या फेरीत, त्या अंधारात रोज उतरणाऱ्या माणसांबद्दल दोन वाक्यंही कानावर पडली नाहीत. बाहेर पडताना भिंतीवर एक जुना फोटो दिसला. खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यासमोर तीसेक कामगार उभे, आणि खाली नाव फक्त व्यवस्थापकाचं. तो फोटो अजून डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. यंत्राने कोरड्या खडकात भोकं पाडताना गारगोटीची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसून सिलिकोसिस होतो. भोकात पाणी सोडत काम करायची पद्धत रुळेपर्यंत या धुळीने कितीतरी तरुण माणसं खाल्ली. कुटलेल्या खडकातलं सोनं पाऱ्यात धरायचं आणि मग तापवून पारा उडवायचा, म्हणजे ती वाफ कोणाच्या तरी श्वासातून जाणारच. 1887 मध्ये सायनाइडच्या पाण्यात सोनं विरघळवायची पद्धत निघाली आणि हलक्या प्रतीच्या खडकातूनही सोनं काढणं परवडू लागलं. खाणींशेजारी मातीचे डोंगर दिसतात ते या सगळ्या कुटाईचे.

यंदा पुन्हा जायचा विचार आहे. सोबत आई असेल, वय 68. गुडघे दुखतात आणि बंद जागेत तिचा जीव घाबरतो. खाणीत न उतरता जाण्यात काही अर्थ आहे का? आणि ऑस्ट्रेलियातलं सॉव्हरिन हिल किंवा कॅलिफोर्नियातलं बोडी, यांपैकी कुठे खरं चित्र दिसतं? सॉव्हरिन हिल नव्याने उभारलेलं आहे म्हणून मन जरा मागे हटतं.

प्रतिसाद

नव्याने उभारलंय म्हणून सोडू नका. बॅलरॅटचं सॉव्हरिन हिल 1970 मध्ये सुरू झालं. 1851 नंतर तिथे सोन्यासाठी जी झुंबड उडाली, त्या काळचं गाव त्यांनी उभं केलंय. चालू वाफेची यंत्रं, भट्टी, कारागीर बघितले की कामाचा आवाज आणि धग कळते. रिकाम्या अवशेषांतून ते कळत नाही. त्याच बॅलरॅटमध्ये डिसेंबर 1854 मध्ये खाणकामगारांनी परवाना शुल्क आणि जुलमाविरुद्ध युरेकाचं बंड केलं. ते वाचून जा, मग ते गाव वेगळंच दिसेल.

बोडी याच्या अगदी उलट. 1962 पासून ते राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे. तिथे डागडुजी इतकीच करतात, की घरं पडू नयेत. नवं काही करायचं नाही. खिडकीतून डोकावलं की टेबल, खुर्च्या, दुकानातला माल तसाच दिसतो. मला स्वतःला हेच जास्त भिडलं. पण उंची अडीच हजार मीटरच्या वर आहे, आईंना धाप लागेल. हिवाळ्यात बर्फामुळे रस्ताही बंद असतो.

प्रतिसाद

आई सोबत आहेत तर स्पेनमधलं लास मेदुलास बघाच. तिथे खाणीत उतरायचा प्रश्नच येत नाही, खाण म्हणजे अख्खा डोंगरच. रोमन लोकांनी दूरवरून पाट कोरून पाणी आणलं, डोंगराच्या पोटात बोगदे खणले आणि पाणी सोडून डोंगरच ढासळवला. मग तो गाळ धुऊन सोनं काढलं. झारेकरी सराफाच्या दुकानातला कचरा धुतो ना, तेच काम डोंगराएवढं. या पद्धतीचं वर्णन रोमन लेखक थोरल्या प्लिनीने केलंय. बोगदे खणणारे महिनोन्महिने दिव्याच्या उजेडात राहत, दिवस कसा असतो ते बघत नसत, असं तो लिहितो. वर उभं राहून लाल सुळके बघताना तेवढं एक वाक्य आठवा. 1997 पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

प्रतिसाद

तुमचा खरा प्रश्न फोटोतल्या माणसांचा आहे, म्हणून जपानच्या सादो बेटाचं नाव सुचवतो. हातांनी खणता खणता तिथे डोंगराचं टोक दुभंगलंय, ते बाहेरूनच दिसतं. 2024 मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं, पण त्याआधी मोठा वाद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे कोरियन कामगार राबवले गेले होते, आणि ते सांगितल्याशिवाय गौरव नको, असं दक्षिण कोरियाचं म्हणणं होतं. आइकावा गावातल्या संग्रहालयात आता त्याबद्दल मांडणी आहे. ती सोडून फक्त खाण बघितलीत तर अर्धंच बघितलं म्हणायचं. तैवानमधल्या जिनग्वाशी या जुन्या सोन्याच्या खाणीच्या गावातही तेच. लोक 220 किलोच्या सोन्याच्या विटेला हात लावायला रांग लावतात. त्याच गावात युद्धकैद्यांची छावणी होती, त्यांचं स्मारक आहे, तिथेही जा.

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जायचं मनात आलं तर एक लक्षात ठेवा. 28 फेब्रुवारी 2001 ला त्या खाणी बंद झाल्या, त्या तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या, आणि पंप थांबल्यावर खाली पाणी भरलंय. व्हिडिओ बघून खाणीत उतरायच्या बंद उभ्या विहिरींजवळ जाणारे असतात. तसं कृपा करून करू नका. हवा खेळती नसलेल्या बोगद्यात प्राणवायू कमी झालेला वास घेऊन कळत नाही. सायनाइड वापरून टाकलेल्या मातीच्या ढिगांवरही मुलांना खेळू देऊ नका.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्लिनीचं ते वाक्य आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मला तो डोंगर बघायचाय." तेव्हा लास मेदुलास नक्की. पुढच्या खेपेला सादो, आणि तिथे संग्रहालय आधी, खाण नंतर.

आता एकच विचारतो. लास मेदुलासला वरच्या सज्जापर्यंत गाडी किती जवळ जाते, आणि खालच्या वाटा गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपतील का? कोणी वयस्कर माणसाला घेऊन गेलं असेल तर जरूर सांगा.