'गॅमा प्रोब'ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा:
स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनबद्दल रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'गॅमा प्रोब'साठी 'किरणोत्सर्गी शलाका' आणि 'सेंटिनल नोड'साठी 'पहारेकरी गाठ' चालेल का?

प्रतिसाद १:
'किरणोत्सर्गी' कृपया नको. त्या दांडीतून काहीच बाहेर पडत नाही. किरणोत्सर्गी असतं ते स्तनात टोचलेलं टेक्नेशियम-९९एम. त्याचा अर्धायुकाल ६ तास, म्हणजे दर ६ तासांनी त्याचा किरणोत्सर्ग निम्मा होतो. ते लसिकेबरोबर (लिम्फ, शरीरातला एक पातळ द्रव) वाहत काखेतल्या ज्या ग्रंथीत आधी पोचतं, तोच सेंटिनल नोड; तिथले गॅमा किरण प्रोब फक्त टिपतो. सर्जन तो निर्जंतुक पिशवीत घालून काखेत फिरवतात. ग्रंथी जवळ आली की यंत्राचा आवाज चढतो. टोक स्तनाकडे वळलं तर टोचलेल्या जागेचाच आवाज येतो, म्हणून ते तिकडून फिरवून धरावं लागतं. काढलेली ग्रंथी बाहेर प्रोबला लावून मोजतात, मग काखेत पुन्हा मोजतात. सर्वांत 'गरम', म्हणजे सर्वांत जास्त किरण देणाऱ्या, ग्रंथीच्या १० टक्क्यांहून जास्त मोजणी देणारी दुसरी ग्रंथी उरली असेल, तर साधारणपणे तीही काढतात.

'किरणोत्सर्गी शलाका' वाचून एखाद्या बाईंना वाटेल, ऑपरेशनमध्येच शेक (रेडिएशन) देणार. ही भीती आपल्या शब्दामुळे कुणाला वाटायला नको. 'गॅमा शोधक' लिहा, पुढे 'प्रोब'ही ठेवा, कारण डॉक्टर तेच म्हणणार. सुश्रुताची 'एषणी' (आत शोध घ्यायची सळई) अर्थाला चपखल आहे, पण ती कोशात शोभेल, पत्रकात नाही.

प्रतिसाद २:
'पहारेकरी'पेक्षा 'गाठ' या शब्दाची मला जास्त काळजी वाटते. आपल्याकडे ट्यूमरही गाठ आणि लिम्फ नोडही गाठ. 'गाठ स्वच्छ निघाली' म्हटलं की घरचे समजतात, कर्करोग नव्हताच! नोडला कटाक्षाने 'लसिका ग्रंथी' म्हणा. ती स्वच्छ असेल, म्हणजे तिच्यात कर्करोग नसेल, तर काखेतल्या बाकीच्या ग्रंथी सहसा काढत नाहीत आणि हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. रुग्णाला हे कळणं फार गरजेचं आहे. पहारेकरी म्हटलं की शत्रूला अडवणारा वाटतो. ही ग्रंथी कर्करोगाला अडवेलच असं नाही. तो काखेपर्यंत पोचला आहे का, एवढं तिच्यावरून कळतं.

विचारणा करणारी:
मग असं लिहू? 'गॅमा शोधकाने (प्रोब) काखेतली पहिली लसिका ग्रंथी शोधून काढतात.'

प्रतिसाद १:
छान. फक्त 'शोधून तपासणीसाठी काढतात' करा.