बसमध्ये घाबरायला होतं, श्वासाचं नेमकं काय करायचं?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी. मी रोज फोंड्याहून पणजीला बसने कामाला जाते. हल्ली बाणस्तारीच्या पुलाजवळ गाडी अडकली की धडधड सुरू होते, बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर होतं आणि वाटतं आता इथेच पडणार. डॉक्टरांना दाखवलं, ईसीजी, थायरॉइड सगळं नॉर्मल, अँक्झायटी आहे म्हणाले. जो तो सांगतो मोठा श्वास घे, पण मोठे श्वास घेतले की उलट जास्तच गरगरतं, आणि ते चार मोजून श्वास रोखायचं यूट्यूबवर बघून केलं तर रोखताना जीव घुसमटतो. गर्दीत उभं राहून, कोणाला न कळता करता येईल असं काहीतरी सांगा ना प्लीज.

सिस्टर_बांबोळी
बाय, हे मनाचे खेळ म्हणून सोडून देऊ नको, शरीरात खरंच घडतंय ते. घाबरलं की आपण नकळत भराभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, बधिरपणा, चक्कर हे सगळं त्यातून येतं. ऑक्सिजन कमी पडलेला नसतोच! मग वर आणखी मोठे श्वास ओढले की त्रास वाढणारच ना. तू घेण्याकडे बघूच नको, सोडण्याकडे बघ. नाकाने साधाच श्वास घे, 3 मोजेपर्यंत, पोटाने, खांदे वर न उचलता, आणि 6 मोजेपर्यंत सावकाश सोड, ओठ शिट्टी घालताना करतो तसे करून. मास्क लावलास तर कोणाला दिसणारही नाही. मध्ये रोखायचा नाही. श्वास सोडताना ठोके आपसूक थोडे मंदावतात, त्याचाच फायदा घ्यायचा. आणि कागदी पिशवीत तोंड घालून श्वास घ्यायला कोणी सांगितलं तर अजिबात करू नको, धोक्याचं असतं ते.

म्हार्दोळचे_काका
सिस्टरांनी बरोबर सांगितलं. एकच जोडतो, ही सवय घरी शांत असताना लावून घे, रोज पाच मिनिटं, संध्याकाळी दिवाबत्ती झाल्यावर बसलीस तरी चालेल. धडधड सुरू झाल्यावर पहिल्यांदाच करायला गेलं तर जमत नाही गो. घरी भ्रामरी पण कर, गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो, मोजायची कटकट नाही. कपालभाती मात्र घाबरलेलं असताना नको, त्यात श्वास भराभरच चालतो.

फोंडेकरीण
काका, सिस्टर, खूप आभार. कार्बन डायऑक्साइडचं मला कोणीच सांगितलं नव्हतं, वाचूनच बरं वाटलं. अजून एक, जास्तच झालं तर बसमधून उतरू का?

ताळगावकर
शक्यतो उतरू नको ताई. उतरलं की लगेच बरं वाटतं खरं, पण मग डोक्यात बसतं की उतरले म्हणून वाचले, आणि पुढच्या वेळी बसमध्ये चढायचीच भीती वाटते. लाट बहुतेक वेळा काही मिनिटांत ओसरते. श्वासाचा आणखी एक प्रकार आहे, नाकाने श्वास घ्यायचा, त्यावरच अजून एक छोटा घोट घ्यायचा आणि मग तोंडाने लांब सोडायचा. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी रोज 5 मिनिटं असं करायला लावून अभ्यास केला होता, मूड सुधारायला त्याचा चांगला उपयोग झाला. पण तुला गरगरतं, तर आधी सिस्टरांचंच कर.

सिस्टर_बांबोळी
हो, आणि एवढं करूनही वारंवार होत राहिलं, कामावर जायचं टाळावंसं वाटायला लागलं, तर बांबोळीला आयपीएचबीमध्ये, म्हणजे सरकारी मानसोपचार रुग्णालयात ये, लाजू नको. टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फुकट आहे, 24 तास चालतो. छातीत दुखून ते हातात किंवा जबड्यात गेलं, दरदरून घाम आला, तर मात्र मोजत बसू नको, सरळ 108 लाव.