दुर्मिळ आडनाव म्हणजे एकच घराणं?
'आज एखादं दुर्मिळ आडनाव लावणारे जेमतेम काही डझन स्वीडिश लोक आहेत, म्हणजे सगळे एकाच मूळपुरुषाचे' हा तर्क मला पटत नाही. लिनेयससारख्या (प्रसिद्ध स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाचं आडनाव) नावाला तो लागू पडेल, पण रास्क (चपळ), मूदिग (शूर), डोल्क (खंजीर) अशी छोटी, ठसठशीत नावं दिसली की आधी सैन्याकडे बघावं. स्वीडनच्या अकराव्या कार्ल राजाने 1682 पासून लावलेल्या व्यवस्थेत काही शेतं मिळून एक सैनिक पोसायची आणि त्याला झोपडी व जमिनीचा तुकडा द्यायची. एकाच तुकडीत दहा आंदेर्सन असले की हुकूम कोणाला दिला ते कळेना, म्हणून प्रत्येकाला वेगळं नाव. गंमत म्हणजे ते नाव बऱ्याचदा माणसाला नव्हे, जागेला चिकटायचं. जुना सैनिक मेला किंवा निवृत्त झाला की त्याच झोपडीत येणारा नवा, रक्ताचं काही नातं नसलेला माणूस तेच नाव घ्यायचा. त्यामुळे एकाच गावातले दोन डोल्कसुद्धा परके असू शकतात.

शिवाय सैनिकाची मुलं अनेकदा बापाच्या नावावरून आंदेर्सन, पेतेर्सन अशीच राहायची. काहींनी सैनिकी नाव पुढे चालवलं, काहींनी पिढी-दोन पिढ्यांनी परत घेतलं. म्हणून आजच्या संख्येवरून वंशावळ काढू नका, सैन्याच्या हजेरीपटात सैनिकाचा क्रमांक शोधा. आणि आजचं दुर्मिळपण थोडं कायद्यानेही जपलंय: 2017 च्या कायद्याप्रमाणे साधारण 2000 पेक्षा जास्त लोकांचं आडनावच कोणालाही सहज घेता येतं.