'द शॉशँक रिडेम्प्शन': आपापल्या धंद्याच्या नजरेतून

१९९४ चा हा सिनेमा सगळ्यांनी पाहिला आहे असं धरून चालू; ज्यांनी नसेल पाहिला त्यांनी आधी पाहून यावं, पुढे सगळं फुटणार आहे. या धाग्यावर एकच विनंती: 'काय अभिनय केलाय' वगैरे नको. बायकोच्या आणि तिच्या प्रियकराच्या खुनासाठी जन्मठेप झालेला बँकवाला अँडी: त्याचा खटला, तुरुंगाच्या भिंतीतलं त्याचं भोक, त्याचा हिशेब यातलं तुमच्या कामाशी जे जुळतं ते लिहा. कुठे पटतं, कुठे फसतं?

बांधकामवाले
अँडीचा तुरुंगातला मित्र रेड, जो गोष्ट सांगतो, त्याला वाटतं, त्या चिमुकल्या हातोडीने भिंत फोडायला सहाशे वर्षं लागतील. हिशेब करून बघा. ४५ सेंमी व्यासाचं, दीड मीटर लांबीचं भोक धरलं तर साधारण ०.२४ घनमीटर काँक्रीट निघतं. घनमीटरला २,४०० किलोने वजन झालं पावणेसहाशे किलो. १९४९ मध्ये भोक झाकणारं, नटी रिटा हेवर्थचं पोस्टर भिंतीवर आलं, १९६६ मध्ये गडी पळाला. सतरा वर्षांत रात्री सरासरी नव्वद-पंचाण्णव ग्रॅम पडतात. सुटा झालेला तेवढा चुरा अर्धी वाटीसुद्धा भरत नाही, म्हणजे पँटच्या घडीतून मैदानात सांडणं अगदी शक्य आहे.

अडचण वजनाची नाहीच, आवाजाची आहे. पोलादाचा ठोका काँक्रीटमधून शेजारच्या चार खोल्यांत जातो. म्हणून ठोकायचं नाही, खरवडायचं. खडीवर टोक घासलं तर खडी जिंकते. तिच्या भोवतीचा सिमेंटचा माल कोरायचा, मग खडी आपोआप सुटते. शेवटी हातोडी झिजून नुसता खुंट उरलेला दाखवलाय, ते झकास. सळईचं मात्र दिग्दर्शकाने नाव काढलेलं नाही. तुरुंगाच्या भिंतीत १२ मिमीची जाळी निघाली असती तर हॅकसॉशिवाय काम तिथेच थांबलं असतं. जुनी, बिनसळईची भिंत होती असं मानून पुढे जायचं.

पोस्टरचं कोडं नेहमी निघतं: आत शिरल्यावर खालची बाजू चिकटवली कोणी? चिकटवायची गरजच नाही, वरून टांगलेला कागद आपल्या वजनाने खाली पडतो. भीती वाऱ्याची. भिंतीमागे पाइपांची उभी पोकळी आहे, तिथून झुळूक आली की कागद फडफडणार, आणि झडतीवाल्याला तेवढं पुरे.

सांडपाणी विभाग
अँडी मैल्याच्या ज्या पाइपातून रांगत पळतो तो ५०० यार्डांचा, म्हणजे ४५७ मीटर. रेड म्हणतो पाच फुटबॉल मैदानं, अर्ध्या मैलाला जरा कमी. मैदानं बरोबर, पण अर्धा मैल म्हणजे ८०५ मीटर!

माणूस रांगेल एवढी लाइन निव्वळ मैल्यासाठी कोणी टाकत नाही. एवढा व्यास असेल तर पावसाचं पाणीही त्यातच सोडलेलं असणार. मग त्या वादळी रात्री ती तुडुंब वाहायला हवी, आणि तुडुंब पाइपात श्वास घ्यायला जागा कुठली? दगड घातल्यावर कारंजं उडतं, म्हणजे आत दाब आहे, म्हणजे पाइप भरलेला आहे. एकीकडे भरलेला, दुसरीकडे रांगण्याइतका रिकामा, दोन्ही चालणार नाही.

वासाने अँडी ओकतो, तेही उलटं आहे. गटारातला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं, वास येईनासा होतो, आणि खरा धोका तिथून सुरू होतो. पाचशेच्या पुढे माणूस पटकन कोसळतो. आपल्याकडे २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणूस गटारात उतरवायला बंदी आहे, तरी बातम्या येतच राहतात. पडद्यावरचा मैला म्हणजे चॉकलेट सिरप, लाकडाचा भुसा आणि पाणी.

करसल्लागार
छतावर डांबर टाकतानाचा सल्ला: पहारेकऱ्यांचा कप्तान हॅडलीला भावाच्या इस्टेटीतून ३५,००० डॉलर, त्यावर कर जाणार म्हणून तो कुरकुरतो. अँडी सांगतो, बायकोला भेट दे, साठ हजारांपर्यंत एकदाच सूट आहे. आकडा हवेतला नाही. १९४८ च्या कायद्याने जोडीदाराला दिलेल्या भेटीचा निम्मा भाग करातून वगळला, आणि उरलेल्यावर आयुष्यभरासाठी ३०,००० ची सूट आधीपासून होती. साठाचे निम्मे तीस, ते सुटीत बसले.

गोची अशी की हॅडलीला वारशाच्या पैशावर कर लागतच नव्हता. अमेरिकेत वारशाने आलेली रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरत नाहीत. केंद्राचा इस्टेट कर वाटणीआधी इस्टेटच भरते. थोडक्यात, नसलेल्या रोगावर अचूक औषध. फी मात्र वाजवी: सोबत्यांना प्रत्येकी तीन बिअर.

वॉर्डनचा, म्हणजे तुरुंगाच्या प्रमुखाचा, काळा पैसा लपवायला अँडीने उभा केलेला रँडल स्टीव्हन्स नावाचा कागदी माणूस त्या काळात खपण्यासारखा होता, बँकांवरचा नोंदी ठेवण्याचा मोठा कायदा १९७० चा. वॉर्डनचा पैसा करमुक्त म्युनिसिपल बाँडमध्ये घालणं ही खरी चलाखी. केंद्राला व्याजावर कर नाही, त्यामुळे प्रश्नही कमी.

फौजदारी वकील
वरच्या सगळ्या करामतींपेक्षा टॉमीचा प्रसंग जास्त बोचतो. खटला परिस्थितीजन्य पुराव्याचा. नदीत तीन दिवस शोधूनही पिस्तूल मिळालं नाही, त्यामुळे गोळ्या जुळवून पाहताच आल्या नाहीत. अठरा वर्षांनी टॉमी हा तरुण कैदी सांगतो की दुसऱ्या तुरुंगात ब्लॅच नावाच्या कैद्याने तेच खून कबूल केले होते. लोकांना वाटतं, झालं, सुटला. तसं नव्हतं. तिसऱ्या माणसाची कोर्टाबाहेरची कबुली ही सांगोवांगी, म्हणून १९१३ च्या डॉनेली निकालापासून अमेरिकेत ती सहसा आत येत नसे. चेंबर्स विरुद्ध मिसिसिपीने वाट थोडी मोकळी केली ती १९७३ मध्ये.

म्हणून टॉमीच्या शब्दाला कागदाचा टेकू हवा होता. अँडीच्या बायकोचा प्रियकर ज्या क्लबात कामाला होता तिथे ब्लॅच टेबलं आवरायचा. क्लबची पगारनोंद, ब्लॅचची तुरुंगनोंद, शेवटचा पत्ता. यातलं बरंचसं अँडी स्वतःच वॉर्डनला सांगतो, डोकं शाबूत आहे त्याचं. पण सांगतो कोणाला? ज्याच्या वह्या तो लिहितो त्याला. वर 'बाहेर गेल्यावर पैशाबद्दल बोलणार नाही' असं आश्वासन देतो. तिथेच टॉमीचं मरण ठरलं. आधी टॉमीचं प्रतिज्ञापत्र बाहेरच्या वकिलाच्या हातात, मग वॉर्डनच्या कानावर, हा क्रम हवा होता.

ध्वनिमुद्रण
भोंग्यांवर मोत्झार्ट वाजतं तो प्रसंग तांत्रिकदृष्ट्या चांगला जमलाय. तसल्या हॉर्नमधून खालचे सूर येतच नाहीत. दोन सोप्रानो, म्हणजे उंच आवाजाच्या गायिका, मधल्या पट्टीत नेमक्या बसतात. खर्जातला गायक असता तर नुसती घरघर ऐकू आली असती. बाकी जी ध्वनिमुद्रिका ऐकू येते ती कार्ल ब्योमची १९६८ ची आहे, आणि अँडी तर १९६६ लाच पळालेला!